वेलांटी आधी का?

चौदा वर्षं मी पोरांना लिहायला-वाचायला शिकवतेय आणि माझ्याच पोरीला वाचता येत नाही हे मला कळायला तिची चौथीची दिवाळी उजाडली. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, कारण आमच्या केंद्रातल्या शाळांमधलं कुणी ना कुणी हे वाचणार आणि मग शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कुजबूज होणार. होऊ दे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, साताऱ्यापासून अठरा किलोमीटर, द्विशिक्षकी शाळा. लेक साताऱ्यातच एका अनुदानित शाळेत सेमीला. (स्वतः झेडपीची बाई आणि पोरगी दुसऱ्या शाळेत, हा टोमणा ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय, नवीन काही असेल तर सांगा.) घरात तिला चिऊ म्हणतात, इथंही चिऊच म्हणते.

तर दिवाळीची सुट्टी, शाळेने रोज एक धडा मोठ्याने वाचायला सांगितलेला. मी ओट्याशी करंज्या लाटत होते, ती मागे पाटावर बसून वाचत होती, फाडफाड, कुठे अडखळणं नाही, मी मनात म्हटलं चला सुधारली पोरगी. लाटणं पुसायला मागे वळले तर पुस्तकात चित्र दुसऱ्याच धड्याचं. म्हणजे ती म्हणत होती तो धडा त्या पानावर नव्हताच. मला आधी वाटलं मस्करी करतेय. म्हटलं, चिऊ, पान कुठलं उघडलंयस? ती गप्प. मग भराभर पानं उलटायला लागली, आणि तेव्हा मला दिसलं की ती धड्याचं नाव शोधत नाहीये, चित्र शोधतेय.

मी बेसनाचं पाकीट तिच्या हातात दिलं, म्हटलं हे वाच. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव तिला पाठ होतं, ते बोलली. त्याखालची ओळ आलीच नाही. पहिलं अक्षर, मग माझ्या तोंडाकडे बघणं, मग एक अंदाज, मग दुसरा अंदाज. आणि मी काय केलं असेल? मी तिला मारलं. पिठाच्या हाताने. गालावर पिठाची चार बोटं उठली आणि ती रडली पण नाही, तशीच पाकीट धरून उभी राहिली. हे मी पुढे एका अनोळखी बाईला पैसे देऊन सांगितलंय, त्यामुळे आता फुकट सांगायला काही वाटत नाही.

खरं तर खुणा सगळ्या होत्या. मी दिवसभर ज्या खुणा दुसऱ्यांच्या पोरांत बघते त्याच. 'घ' आणि 'ध' एकच, 'भ' आणि 'म' मध्ये गोंधळ, फळ्यावरून उतरवून घेताना निम्मी ओळ गायब, बोलायला लावलं तर पोपटासारखी आणि लिहायला लावलं की पोटात दुखतं. सोमवारी सकाळी तर हमखास पोटात दुखायचं. शाळेतून शेरा यायचा "लक्ष नसते", आणि मी घरी रोज पाच ओळी शुद्धलेखन, चुकलेला शब्द दहा वेळा. तिच्या वहीत माझं लाल पेन तिच्या पेन्सिलीपेक्षा जास्त दिसायचं.

पुढच्या शिक्षण परिषदेला समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका आल्या होत्या, त्यांना मी बाजूला घेऊन विचारलं, "माझ्या ओळखीत एक मुलगी आहे." त्यांना दोन मिनिटांत कळलं की ओळखीतली म्हणजे किती ओळखीतली, पण भल्या बाई, काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या आधी डोळे तपासा, कान तपासा, मग शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन पूर्ण चाचणी करून घ्या, आणि ज्यांच्याकडे जाल त्यांची आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, लाजू नका, बोर्ड कुणीही लावतं.

गंमत सांगू का. आमच्या शाळेच्या ऑफिसात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांचा तक्ता आहे. मीच खळ लावून चिकटवलाय. त्यात 'अध्ययन अक्षमता' असं स्वच्छ लिहिलंय. मी रोज त्याच्याखाली बसून हजेरी टाकते. आणि शाळेच्या माहितीचा यूडायस हा सरकारी फॉर्म भरताना त्या रकान्यात दरवर्षी शून्य भरून मोकळी होते, कारण आमच्या गावात कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही असं नाही ना, मग शून्य.

घरी सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या पोरगी शहाणी आहे, वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला नेताय, दृष्ट काढते मी. नवरा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक, तो म्हणाला, मोठी झाली की येईल, मला कुठं येत होतं. हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं. डोळे-कान साताऱ्यातच तपासले, दोन्ही उत्तम. मग मावसबहिणीने पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमचं नाव काढून दिलं आणि एका शनिवारी आम्ही तिघं सकाळच्या स्वारगेट विनाथांब्याने निघालो. खंबाटकीच्या बोगद्यात चिऊने विचारलं, "आई, तिथं परीक्षा आहे का?" मी म्हटलं नाही गं, खेळ आहेत. खोटं बोलले असं वाटलं पण नंतर कळलं की ते निम्मं खरं होतं.

पहिला दीड तास चिऊला आत घेतलंच नाही, प्रश्न आम्हालाच. दिवस पूर्ण भरले होते का, रडली का लगेच, रांगली कधी, पहिला शब्द कधी, कानाचं दुखणं वारंवार होतं का, पडली-बिडली का डोक्यावर. मी सगळ्याची उत्तरं पाठ केल्यासारखी देत होते. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला लिहिण्या-वाचण्याचा त्रास? मी "नाही" म्हणतेय तोवर नवरा खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "मला आहे." दहावीला इंग्रजीत दोनदा गेला हे मला माहीत होतं, पण तो सांगत सुटला, वर्कशॉपचं सर्क्युलर आलं की चष्मा विसरलो म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेतो, व्हॉट्सॲपवर टाइप करत नाही, व्हॉइस नोटच टाकतो. बारा वर्षं लग्नाला. मला वाटायचं ह्या माणसाला आळस आहे. मॅडम म्हणाल्या हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, त्यात कुणाचा दोष नसतो. नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू त्याचाच निकाल लागला.

चाचणी दोन दिवसांत विभागली होती, दोन शनिवार. मी बाहेर बाकावर. दाराच्या काचेतून एवढंच दिसायचं की टेबलावर लाल-पांढरे ठोकळे आहेत आणि चिऊ चित्रासारखी नक्षी जुळवतेय, जीभ बाहेर काढून, आणि मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. नंतर मी जरा शिक्षकी तोऱ्यात विचारलं, ह्या सगळ्या परदेशी चाचण्या, आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना कशा लागू करता? त्या हसल्या. म्हणाल्या, बिनेची बुद्धिमत्ता चाचणी पॅरिसमध्ये १९०५ साली निघाली खरी, पण धारवाडच्या कामतांनी १९३० च्या दशकातच ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवून घेतली, ती आपण अजून बिने-कामत म्हणून ओळखतो. आणि चिऊला दिलेली ती मालिन यांची, वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप, ते काम नागपूरचं, १९६९ चं. वाचनासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली डाली नावाची चाचणी आहे, तीही मराठीत. मी गप्प. डीएडला बुद्धिमापनाचा धडा मी पाठ करून लिहिला होता, नावासकट, आणि त्यातलं एक नाव धारवाडचं होतं हे मला आठवतही नव्हतं. चिऊपेक्षा वेगळं काय केलं मी, मीपण चित्र बघूनच पान शोधत होते.

रिपोर्ट हातात आला तो नऊ पानांचा. मी आधी शेवटचं पान काढलं, जसं पालक प्रगतिपुस्तकाचं काढतात. मॅडमनी ते हातातून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.

बुद्धिमत्ता सरासरी, म्हणजे शंभरच्या आसपास, त्यात काही बिघाड नाही. पण आतले तुकडे बघितले की खड्डे-टेकड्या. दोन गोष्टींतलं साम्य सांग, ह्यात ती वयापेक्षा पुढे. शब्दसंग्रह चांगला. ठोकळे उत्तम. आणि आकडे ऐकून उलट क्रमाने म्हणायचे, तिथे धडपड. खुणा बघून खाली भराभर उतरवायच्या, तिथे वेळ संपला तरी निम्म्यावर. वाचन दुसरीच्या पातळीचं. आणि सगळ्यात मला जे लागलं ते हे, की त्यांनी तिला खोटे शब्द वाचायला दिले होते. खोटे म्हणजे ज्यांना अर्थच नाही, समजा 'मुटाक', 'झेपरी' असले काहीतरी. खरा शब्द असला की पोरगं पहिल्या अक्षरावरून, चित्रावरून, मागच्या वाक्यावरून ओळखून नेतं. खोट्या शब्दाला धरायला काहीच नाही, तिथे फक्त अक्षर आणि आवाज. तिथे चिऊ बुडाली. मॅडम म्हणाल्या, "ती इतकी वर्षं वाचत नव्हती, ओळखत होती. आणि एवढं ओळखून चौथीपर्यंत यायला केवढी बुद्धी लागते माहितीये का?"

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्याचा त्रास. सोबत थोडा डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याचा. गणिताचं ठीक आहे. मला वाटलं होतं नाव कळलं की धक्का बसेल, पण उलट मला मेलीला आधी हायसं वाटलं की चला, मी शिकवण्यात कमी पडले नाही. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अभ्यास सोडून चिऊशी शेवटचं कधी बोललात?" मी तोंड उघडलं आणि उत्तर येईना. जेवताना पाढे. गाडीवर स्पेलिंग. झोपताना "उद्या दप्तर भरलं का". नवऱ्याकडे बघितलं तर तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि चाळीस वर्षांची बाई दुसऱ्याच्या केबिनमध्ये रडते तेव्हा टिश्यूचा डबा किती वेळा पुढे सरकतो ते मोजलं, तीनदा. मॅडम म्हणाल्या पोरीचं आपण बघूच, पण तुम्हीही कुणाशी तरी बोला. मी म्हटलं मला काय झालंय? त्या म्हणाल्या काही झालंय म्हणून नाही हो, खूप वर्षं एकट्याने ओढताय म्हणून.

चिऊची थेरपी म्हणजे काय ते आधी सांगते कारण मला बरेच पालक विचारतात. गोळी नाही, ते आधी डोक्यातून काढा. शिकवणी पण नाही, शिकवणी म्हणजे तेच जास्त वेळा. साताऱ्यातच एक रेमेडियल शिकवणाऱ्या ताई मिळाल्या, आठवड्यातून दोनदा पाऊण तास, सहाशे रुपये तास. दर दोन महिन्यांनी पुण्याला चक्कर. ताई काय करतात, तर रव्याच्या ताटात बोटाने अक्षर, तोंडाने आवाज, दोन्ही एकाच वेळी. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे. ऑर्टन आणि गिलिंगहॅम ह्या दोघांच्या नावाची पद्धत आहे अमेरिकेतली, डोळे-कान-हात सगळं एकदम कामाला लावायचं, आणि एका वेळी एकच नियम, तो पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. दोन महिने आम्ही फक्त 'आ' ते 'ऊ' ची स्वरचिन्हं करत होतो, चौथीतली पोरगी, मला आतून नुसतं खदखदत होतं.

पण एका मंगळवारी ताईंकडे मी जरा लवकर पोचले, दाराबाहेर चपला काढतेय तर आतून चिऊचा आवाज, "ताई, 'कि' म्हणताना 'क' चा आवाज आधी येतो ना, मग वेलांटी आधी का काढायची?"

मी एक चप्पल हातात घेऊन तशीच उभी.

चौदा वर्षं मी पहिली वेलांटी शिकवतेय. फळ्यावर काढून दाखवते, पोरं काढतात, झालं. आवाज नंतर येतो आणि खूण आधी बसते, हे मला कधी दिसलंच नाही, कारण मला वाचता येतं. ज्याला वाचता येतं त्याला अक्षर दिसत नाही, शब्द दिसतो. जिला एकेक आवाज हाताने जागेवर बसवावा लागतो तिला तो घोळ पहिल्या दिवसापासून दिसतोय आणि ती समजतेय की आपणच मठ्ठ. बरं, पहिली आधी तर दुसरी नंतर, 'कि' आणि 'की'. आणि 'र' चं तर विचारूच नका, 'प्र' मध्ये पायाशी तिरकी रेघ, 'ट्र' मध्ये खाली टोपी, 'र्क' मध्ये डोक्यावर रफार आणि तोही पुढच्या अक्षरावर, 'तऱ्हा' मध्ये अजून तिसरंच काहीतरी. लोक म्हणतात मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. बऱ्यापैकी खरंय ते, इंग्रजीसारखे सायलेंट लेटरचे छळ आपल्याकडे नाहीत, पण एकेका व्यंजनाची बाराखडी आणि वर जोडाक्षरं, एवढी रूपं डोळ्याला पाठ करावी लागतात. ताईंनी तिला काय उत्तर दिलं? म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं, विचित्रच आहे ते. 'ि' ला घाई असते, म्हणून धावत पुढे जाऊन उभी राहते, पण बोलायची पाळी तिची नंतरच." चिऊ खदाखदा हसली. मी असं कधी उत्तर दिलं नसतं. मी म्हटलं असतं, तसंच असतं, काढ.

आता माझं. माझी थेरपी गुरुवारी रात्री नऊला, ऑनलाइन, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, कारण घरात एकच खोली आणि सासूबाईंचे कान तिखट. खाली सांगितलंय की ऑफिसचं ट्रेनिंग आहे. आमच्या खात्यात ट्रेनिंग इतकी असतात की कुणाला शंका येत नाही. एका सेशनचे हजार रुपये, महिन्यातून तीन, आणि पहिल्या महिन्यात मला ते भिशीचा हप्ता चुकवून भरावे लागले.

पहिल्या दोन सेशनमध्ये मी काहीच बोलले नाही म्हणजे खूप बोलले, पण शाळेबद्दल. पोषण आहार, ऑनलाइन माहिती, मतदार याद्यांची बीएलओची ड्युटी. थेरपिस्ट माझ्याहून लहान आहे, तिशीची असेल, मी तिला अहो-जाहो करते आणि ती मला मॅडम म्हणते. तिने सांगितलं ती आरईबीटी वापरते, म्हणजे अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत, मराठीत विवेकनिष्ठ म्हणतात. गाभा असा की प्रसंगाने आपण पेटत नाही, त्या प्रसंगाबद्दल मनात जे हट्ट असतात त्याने पेटतो. मला हे आधी अगदी सुविचाराच्या फळ्यावरचं वाटलं. परिपाठाला रोज लिहितो तसलं.

मग तिने गृहपाठ दिला. (मला! गृहपाठ!) चिऊवर चिडले की त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते वहीत लिहायचं, जसंच्या तसं, आणि फोटो काढून पाठवायचा. मी छान अक्षरात लिहून पाठवलं. "तिला आतापर्यंत हे यायलाच पाहिजे. एवढं साधं तर कुणालाही जमतंच. शिक्षिकेची मुलगी पुढेच असायला हवी. मी चांगली आई असते तर हे झालंच नसतं." फोटो परत आला तर तिने फोनवरच लाल रंगाने माझ्या लिखाणात गोल काढलेले. मी डोळे फाडून बघतेय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की काय? नाही. तिने फक्त 'च' ला गोल केले होते. यायला'च'. जमतं'च'. पुढे'च'. झालं'च'. खाली लिहिलेलं, "मॅडम, हा एवढा च काढून वाक्य परत वाचा."

"तिला आतापर्यंत हे यायला पाहिजे." ह्याला निदान "बरं, नाही आलं, मग?" असं म्हणता येतं. च लावला की पुढे रस्ता बंद, मग उरतो फक्त हात उगारायचा. एका अक्षराने. पण मला खरं सांगायचं तर जास्त लागलं ते ते लाल गोल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वहीत कुणीतरी लाल काढलं होतं, आणि पोटात जो गोळा आला ना, सोमवारी सकाळी चिऊच्या पोटात येतो तो हाच असणार. थेरपिस्टला मी हे सांगितलं तर ती म्हणाली अरे बापरे, सॉरी, पुढच्या वेळी निळा वापरते. मी म्हटलं नको, लालच राहू दे.

सहा-सात गुरुवार झाल्यावर एक जुनं बाहेर आलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या गावात तिसरीला एक मुलगा होता. त्याला स्वतःचं आडनाव लिहिता यायचं नाही, त्यात जोडाक्षर होतं. मी त्याला ते पन्नास वेळा लिहायला लावायचे, मधल्या सुट्टीत, बाकीची पोरं बाहेर खेळताना. पाचवीनंतर त्याने शाळा सोडली. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी पंक्चर झाली तर दुकानात तोच, उंच झालेला, मला ओळखून "बाई" म्हणत उठला, गाडी स्वतः केली आणि पैसे घेईना. मीच बिल मागितलं कारण मला ते टायरवाल्याकडे दाखवायचं होतं. त्याने पॅड काढलं, पेन हातात घेतलं, आणि मग शेजारच्या पोराला हाक मारून म्हणाला तू लिही रे, माझे हात तेलाचेत. हात धुतलेले होते. मी बघितलं होतं त्याला धुताना.

थेरपिस्ट ह्यावर "तुमचा दोष नाही" वगैरे काही म्हणाली नाही. मला ते अपेक्षित होतं, खरं तर त्यासाठीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्याच्याबद्दल काय करावंसं वाटतंय?" मी म्हटलं माहीत नाही. अजून माहीत नाही. त्या रस्त्याने मी दोन आठवड्यांपूर्वी मुद्दाम गेले, दुकान उघडं होतं, तो कुणाशी तरी हसत बोलत होता, मी थांबले नाही.

शाळेत मात्र एवढं केलं की ह्या वर्षी दोन पोरांच्या पालकांना बोलावून विशेष शिक्षिकेची गाठ घालून दिली. एकाचे वडील चिडले, पोराला वेडा ठरवताय का म्हणाले. अगदी माझ्या सासूबाईंचंच वाक्य. दुसऱ्याची आई येते.

सर्टिफिकेटचं लोक विचारतात म्हणून थोडक्यात. खासगी रिपोर्ट पोरगी कशी शिकते हे कळायला. पण परीक्षेत सवलत हवी तर सरकारी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं, त्याची वेगळी रांग, परत चाचण्या. महाराष्ट्राने दहावीला अशा मुलांना सवलती द्यायला १९९६ साली सुरुवात केली, देशात पहिल्यांदा, म्हणजे मी डीएडला जायच्या कितीतरी आधी. केंद्र सरकारच्या नियमात तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. आमचा नंबर अजून यायचाय. नवरा रांगेत उभा राहिला होता, फॉर्म त्याने घरी आणून माझ्याकडे दिला आणि पहिल्यांदाच चष्म्याचं नाव न काढता म्हणाला, "वाचून दाखव, मला नाही जमत." चिऊ शेजारीच होती. ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि मग त्याला म्हणाली, "बाबा, रवा आणू का ताटात?"

ती काही आता वाचायला लागलीय असं समजू नका. चाचणीला वर्ष होत आलं, पाचवीत गेलीय, नवं पान अजून बोट ठेवून वाचते, तेही जोडाक्षरापाशी थांबून. पोटात दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. शुद्धलेखन मी बंद केलंय, मी घरी लाल पेन आणतच नाही (हा च चालतो, विचारलंय). परवा म्हटलं आज किराण्याची यादी तू कर, मी सांगत नाही, घरात बघ काय संपलंय आणि लिही. ती डबे उघडून बघत अर्धा तास फिरत होती. यादी आली ती अशी, 'सबन, तेल, पोहे, शेगदाने, मिठ, चहपावडर'. माझा हात खिशाकडे गेला, पेन नव्हतं. ती एकटी गेली कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि दुकानदाराने न विचारता सगळं बरोबर दिलं, साबण सुद्धा आमचा नेहमीचा.

पिशवी रिकामी करताना म्हटलं, चिऊ, गूळ? डबा तर चाटूनपुसून संपलाय.

म्हणाली, "बघितला होता मी. पण त्याचा 'गू' पहिला की दुसरा ते आठवेना, म्हणून लिहिलाच नाही."

साडेनऊला दुकान बंद होतं. चपला घालून मीच गेले.